कर्ज न काढलेलं घराणं

ज्यानं जन्मात कुणाचं देणं ठेवलं नाही, त्याच्यावर विश्वास का ठेवायचा नाही? रंगानं हे बँकेत सगळ्यांना विचारलं. 

थोरला भाऊ भिवा जाऊन महिनाही झाला नव्हता. मागे वहिनी, दोन पोरं आणि मोटार जळालेली पिठाची गिरणी. चौथी नापास रंगा सुजल्या डोळ्यांनी गिरणीच्या नव्या मोटारीसाठी कर्ज मागायला तडक बँकेत शिरला आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "आमच्या घराण्यात कुणी कधी कर्ज काढलं नाही!" एवढ्यावर साहेब उठून हार घालतील, असं त्या शहाण्याला वाटलं होतं.

"मग तुला कर्ज नाही," मॅनेजर कुलथे म्हणाले. "आधी घेऊन फेडलेलं दिसलं, तरच माणूस भरवशाचा." आणि त्यांनी शिपायाला लेकीच्या लग्नाची पत्रिका दिली.

रंगाची जीभ कधी त्याच्या ताब्यात नव्हतीच. "साहेब, जावईसुद्धा आधी एखादं लग्न निभावलेलाच बघितला असेल ना?"

शिपाई फिस्सकन हसला.

"तोंड सांभाळ! चार लोकांत चौकशी करून दिलीय मुलगी."

"मग माझीही करा की!"

 कुलथ्यांनी गावात चौकशी केली आणि सही केली. कर्ज रंगाच्या नावावर चढलं. नव्या मोटारीची पावती मात्र त्यानं वहिनीच्या नावानं करून घेतली.