काटे छाटलेले रान

मरुकच्छ नावाच्या कोरड्या देशावर राजा धन्वपाल राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या माळावर काळविटाचा जन्म घेतला होता. राजाची राणी शरावती पावसाळी डोंगरांतली. तिला माहेरची उणीव भासू नये म्हणून राजाने त्या डोंगरांतून चितळांचा एक कळप धरून आणवला, बाभळीच्या एका रानाभोवती उंच भिंत घातली आणि कळप आत सोडला. रानाला नाव दिले अभयवन.

त्या कळपात चकिता नावाची तरुण हरिणी होती. वाळके पान पडले तरी दचकणारी. पण इथे आल्यापासून तिला भीतीपेक्षा रागच अधिक येत होता. डोंगरात तोंड घालावे तिथे लुसलुशीत पाला असे, आणि ओरबाडलेली फांदी चार सरींत पुन्हा हिरवी होई. इथे पहिल्याच घासाला बोटभर लांबीचा काटा ओठात रुतला.

"काय मेलं झाड आहे!" ती आईला म्हणाली. "पाहुण्याच्या पानात कुणी सुया वाढतं का?"

राणीने तिच्या ओठावरचे रक्त पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्या माहेरच्या जिवांचे हे हाल?" तिने माळ्यांना हुकूम दिला, आणि काही दिवसांत अभयवनातल्या एकूण एक बाभळीचे काटे छाटले गेले. कळप पाल्यावर तुटून पडला.

भिंतीबाहेर मातीचा एक उंचवटा होता. त्यावर उभा राहून बोधिसत्त्व हे पाहत होता.

"पोरी, जरा ऐकशील?" तो म्हणाला. "तुमच्या डोंगरात पाऊस झाडाला दोन्ही हातांनी देतो, म्हणून झाडही तुम्हाला देतं. इथं एकेक पान म्हणजे झाडाचं जपून ठेवलेलं पाणी. म्हणून जिथवर तोंड पोचतं तिथंच काटे दाट, वर शेंड्याला विरळ. काटा हा झाडाने बोलून दिलेला नकार आहे. तो छाटलात, तर ते न बोलता नकार देईल."

"मग काय, उपाशी मरायचं?"

"आम्ही चार घास घेतो आणि पुढं जातो. तेही वाऱ्याला तोंड देऊन. दुखावलेल्या झाडाचा वास वाऱ्याबरोबर जातो, आणि त्या बाजूची झाडं आधीच सावध होतात."

"आला मोठा बाभळींचा कैवारी!" चकिता उसळली. "तुझा पाळणा बाभळीला टांगला होता वाटतं? आणि पुढं जायचं म्हणजे कुठं? भिंतीत?"

बोधिसत्त्वाने भिंतीकडे पाहिले. तिचे म्हणणे खरे होते.

हळूहळू पाला कडू झाला, मग तुरट. हिरडा चघळल्यासारखी जीभ आखडू लागली. तरी कळप खातच राहिला, कारण दुसरे काही नव्हते. पोट भरे, पण खाल्लेले पचेना. एका सकाळी चकिताची आई उठलीच नाही. तिचे पोट टम्म भरलेले होते. मागोमाग आणखी काही हरणे आडवी झाली.

"विष!" राजा गरजला. "या झाडांनी माझ्या पाहुण्यांना विष घातलं. तोडा! मुळासकट जाळा!"

कुऱ्हाडी आल्या. आईच्या कलेवरापाशी उभी चकिता ओरडली, "जाळा! एकही ठेवू नका!"

इतक्यात उंचवट्यावरून झेप घेऊन बोधिसत्त्व भिंतीच्या आत उतरला आणि पहिल्या बाभळीला पाठ लावून उभा राहिला. आतून बाहेर पडायला उंचवटा नव्हता, हे त्याला ठाऊक होते.

राजाने बाण लावला. "बाजूला हो. नाहीतर झाडाआधी तू."

"महाराज, हे विष असेल तर मीही मरेन." त्याने त्याच बाभळीचे चार घास खाल्ले आणि वाऱ्याकडे तोंड करून पुढच्या झाडाकडे गेला. तिथे चार. मग थांबला. त्याला काहीही झाले नाही.

"सुंदर आहेस, शहाणाही आहेस," राजा बाण उतरवीत म्हणाला. "तुला फाटक उघडून देतो, वर माळावरचं तळंही तुझ्या कळपाला. नुसतं सांग, अपराधी कोण?"

"तळं नको. एवढंच सांगा, इथून पुढं जायची वाट कुणी अडवली? आणि झाडाचे काटे कुणी काढले?"

राणी पुढे आली. "काटे मी काढवले. पण दयेनं! मी का यांना मारलं?"

"दया केलीत, राणीसाहेब. विचारलं मात्र कुणालाच नाहीत. ना झाडाला, ना हरणाला."

चकिता आईपासून वळली. इतके दिवस ती ज्याच्यावर चिडत होती त्या झाडाकडे तिने पाहिले. त्याच्या अंगावर मोजकीच पाने उरली होती. ते कुठे पळणार होते? मग तिने भिंतीकडे पाहिले, आणि सारा संताप त्या दगडांवर उलटला.

"महाराज," ती म्हणाली. "कुऱ्हाडी आणल्याच आहेत, तर त्यांच्या बोथट तुंब्यांनी भिंत पाडा. अभय म्हणे! आमच्या डोंगरात वाघ होता, तरी आई पोट भरून मेली नव्हती."

राजाने मान खाली घातली आणि खूण केली. संध्याकाळपर्यंत भिंत जमीनदोस्त झाली.

माळावरच्या पहिल्याच बाभळीचा काटा चकिताला पुन्हा टोचला. "बरं बाई, कळलं," ती फणकाऱ्याने म्हणाली, चार पाने घेतली, आणि वाऱ्याकडे तोंड करून चालू लागली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली ती भिक्षुणी वासभेला. दुष्काळी गावातून मूठभर भात घेऊन ती आली होती आणि "तिथली माणसं नुसती काटेरी आहेत" म्हणून भिक्षापात्र आपटत होती. तेव्हाची चकिता म्हणजे तीच. त्या गावावर नोकर पाठवून धान्य आणवतो म्हणणारा श्रेष्ठी तेव्हाचा राजा, तिच्यासाठी कळवळणारी त्याची पत्नी तेव्हाची राणी, आणि काळवीट म्हणजे स्वतः शास्ता. दया करण्याआधी जी थांबून विचारते, त्या प्रज्ञेची ही पारमिता, तिची पूर्णता.