घळीच्या तोंडाशी पहिली भाकरी

एकदा एक वृद्ध गुरू होता. ज्ञानी होताच, पण ज्ञानाहून त्याच्या खोड्यांचा लौकिक मोठा होता. वाळवंटाच्या कडेला त्याची झोपडी होती आणि तिथे त्याच्यापाशी एक शिष्य राहत असे. शिष्य हुशार. प्रत्येक गोष्ट आधी आखायची आणि मग करायची, असा त्याचा बाणा. शिंक यायची झाली तरी तो आधी फडकं शोधून ठेवी.

त्या वाळवंटाला एक डोंगर आडवा पडला होता, आणि पाण्याने युगानुयुगे चिरून त्यात एक घळ पाडली होती. हात पसरावेत तर दोन्ही तळव्यांना भिंती लागत. वर पाहावं तर आभाळ लेंग्याच्या नाडीएवढं. घळीतून पलीकडे जायला काही मुक्काम पडत. वळसा घालून जायचं तर तेवढ्यात चंद्र झिजून पुन्हा भरायचा.

पलीकडच्या गावात शिष्याची थोरली बहीण होती. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं आणि पुढे याच गुरूच्या हाती सोपवलं. तिचा निरोप आला : "व्यापाऱ्याच्या तांड्याबरोबर आम्ही दूरदेशी चाललो. पौर्णिमेला तांडा हलेल. परत येणं होईलसं वाटत नाही. येऊन भेट."

शिष्याने त्याच दिवशी अंगणातल्या वाळूत काठीने घळ आखली. मुक्कामाच्या जागी खडे मांडले. पाण्याचं डबकं कुठे, दोर लावून कुठे उतरायचं, पखालीत पाणी किती, सातूचं पीठ किती, सगळं बसवलं. तो जरा वळला की म्हातारा पायाच्या अंगठ्याने एक खडा पुढे सारी आणि आभाळाकडे बघत बसे.

"बाबा, दुसरा मुक्काम इथे नव्हता."

"निघाला असेल पुढे. त्याला तुझ्याहून घाई."

शिष्य हसला नाही. खडा जागेवर ठेवून म्हणाला, "थट्टा पुरे. सांगा, काय राहिलं?"

म्हाताऱ्याने मांडणी न्याहाळली. "पहिली भाकरी राहिली."

त्या मुलखात एक जुना रिवाज होता. लांब निघालेल्याने शिदोरीतली पहिली भाकरी घळीच्या तोंडाशी बसून खायची, आणि एकट्याने खायची नाही. घळीकडे जो कुणी परका येईल त्याला अर्धी द्यायची, मगच पाऊल उचलायचं. शिष्याला तो रिवाज म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटे. पण गुरूचा शब्द मोडवेना.

निघायच्या दिवशी म्हातारा घळीपर्यंत पोहोचवायला आला. तोंडावरच्या उंच खडकावर दोघे बसले. सकाळ सरली, ऊन डोक्यावर आलं, कुणी फिरकेना.

"बाबा, अर्धी तुम्हीच खा. मी निघतो."

"मी परका आहे का रे? मला चारलीस तर ती तुझ्याच पोटात गेली."

शिष्याने आणखी थोडा वेळ कळ काढली. मग गाठोडं पाठीवर बांधलं. "आभाळात बोटभर ढग नाही. भाकरीपायी मी बहिणीला मुकू?" आणि पायताण घालायला वाकला, तर एकच पायताण. दुसरं म्हाताऱ्याच्या बुडाखाली.

"बाबा, उठा."

"गुडघे धरलेत."

"तुम्हाला सगळा खेळच वाटतो," शिष्य म्हणाला. "तिने मला अंगाखांद्यावर वाढवलं. ती निघून गेली तर मला पुन्हा दिसणार नाही."

म्हातारा उठला नाही.

ऊन कलताना वरच्या माळावरून एक मेंढपाळ उतरत आला. म्हाताऱ्याने शिष्याच्या हातातली भाकरी घेऊन मोडली आणि अर्धी त्याच्यापुढे धरली.

"बसा पाव्हणं. घोंगडी ओली का हो तुमची?"

"काल दिवसभर वर नुसता कोसळत होता," मेंढपाळ घास चावत म्हणाला. "दोन कोकरं गेली वाहून."

त्याची भाकरी संपायच्या आतच घळीतून गार वारा आला, चिखलाच्या वासाचा. मग खडक हादरला, आणि निरभ्र आभाळाखाली लालभडक पाण्याचा लोंढा झाडं उपटून घेऊन त्या फटीतून बाहेर पडला. शिष्य एका अनवाणी पायाने उभा राहून बघत राहिला.

"आभाळ तू पाहिलंस," गुरू शांतपणे म्हणाला, "पण ते तुझ्या डोक्यावरचं. घळीतलं पाणी दुसऱ्याच्या आभाळातून येतं. ते कसं आहे हे त्यालाच विचारावं लागतं, आणि घाईतला माणूस परक्याला विचारत नाही. म्हणून जुन्या लोकांनी मध्ये भाकरी घातली. खाताना माणूस बोलतो."

मग त्याने बुडाखालचं पायताण काढून त्यावरची वाळू झटकली. बराच वेळ झटकत राहिला.

"माझा एक दोस्त होता. दोघांनी मिळून सारं गाव छळलं. एकदा इथेच बसलो होतो. भाकरी एकट्यानेच तोंडात कोंबून, मला वाकुल्या दाखवत तो आत गेला. रोज त्याचं पायताण लपवायचो मी. नेमकं त्या दिवशी सुचलं नाही."

पाणी ओसरल्यावर शिष्य निघाला. पौर्णिमेचा चंद्र त्याला घळीतूनच दिसला, नाडीएवढ्या आभाळात क्षणभर. त्याने ओळखलं, तांडा हलला. तरी तो चालत राहिला.

घळीच्या पलीकडच्या तोंडाशी लादलेले उंट उभे होते. व्यापारी चरफडत येरझाऱ्या घालत होता. आणि एका दगडावर मांडीत भाकरी घेऊन बहीण बसली होती.

"हा व्यापारी केव्हापासून म्हणतोय, चला," ती म्हणाली. "मी म्हटलं, पहिली भाकरी एकटीने कशी खाऊ? घळीतून येईल तो परकाच, आणि अजून कुणी आलं नाही. रिवाज मोडायची छाती त्याचीही नाही."

भाकरी वाळून कडक झाली होती. तिने ती गुडघ्यावर आपटून मोडली.

"तुझं एक पायताण असं चेपलेलं कसं रे?"

"बाबा त्यावर बसले होते."

"अजून तसेच आहेत," ती म्हणाली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. दोघांनी ती भाकरी सावकाश खाल्ली. व्यापारीही येरझाऱ्या सोडून खाली टेकला.

निघताना आपलं आभाळ सगळेच पाहतात. दुसऱ्याचं आभाळ कळायला अर्धी भाकरी द्यावी लागते.