तिसरा बैल

घाटाखालच्या एका गावात भिवसन नावाचा गाडीवान राहत होता. घरात तो, बायको सगुणा आणि दावणीला चांद्या-मोऱ्या ही बैलजोडी. एकदा घाट उतरताना विटांची गाडी कलंडली आणि भिवसनचा पाय चाकाखाली आला. हाड जुळलं, पण पायात पहिला जोर राहिला नाही. म्हणून येसाजी हाडवैद्याने चामडं आणि बांबूच्या कामट्या जोडून एक आधार बनवला आणि गुडघ्याखाली पट्ट्यांनी बांधून दिला.

वैद्य म्हणाला, "दिवसा घाल, संध्याकाळी काढ. पाय धू, चांगला कोरडा कर. आधाराखाली मऊ फडकं घाल, त्याला चुणी पडू देऊ नको. आणि कातडी रोज बघ. लाली उतरली नाही तर तडक माझ्याकडे ये. कातडी फाटली तर आधार बंद, आणि आधार बंद तर तुझी गाडी बंद."

भिवसनने मान डोलावली. मनात म्हणाला, हाड जुळलं ना, मग कातडीचे एवढे चोचले कशाला?

बिचारा दिवसभर घाट चढून-उतरून पार गळून घरी यायचा. आल्या आल्या बैलांचं जू उतरवायचा. दोघांच्या मानेवरून हात फिरवायचा. केस झडलेत का, कुठे गरम लागतंय का, नीट बघायचा. बापाने लावलेली सवय ती, त्यात कधी खाडा नाही. मग वैरण, मग पाणी. तेवढ्यात अंगातलं उरलंसुरलं त्राण संपायचं. आता पट्टे सोडा, पाय धुवा, सकाळी पुन्हा बांधा, एवढं कोण करणार? आधारासकट तसाच आडवा व्हायचा.

पाय खाजू लागला. पण डोकं पडलं गाडीवानाचं! गाडीवरचा माल हलला की घासतो, मग दोर आवळायचा. तसे याने पट्टे आवळले. आग होऊ लागली. चाक कुरकुरलं की वंगण घालतात, म्हणून याने पट्ट्याखाली वंगणाचं तेल चोपडलं. झालं! घाम, तेल आणि घाटातली धूळ, सगळं आत कोंडलं. सगुणेने विचारलं की म्हणायचा, "काही नाही गं, जरा दमलोय." वैद्याकडे जायची त्याला भीती वाटत होती. गाडी बंद झाली तर चांद्या-मोऱ्या दुसऱ्याच्या दावणीला जातील, या विचाराने त्याला घास गोड लागत नसे.

पोळ्याचा आदला दिवस आला. त्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी. वर्षभर ज्या खांद्याने ओढलं, त्याला हळद आणि लोणी चोळायचं. मग बैलाच्या कानात सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

भिवसन मोऱ्याची मान मळून चांद्याकडे वळला आणि थबकला. चांद्याच्या मानेवर जरा लाली होती. भिवसन कळवळला. "सगुणे, बघ गं! हे बरं होईपर्यंत याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. गाडी राहिली तर राहिली."

सगुणेने लोण्याची वाटी खाली ठेवली. "आता तुमचा पाय दाखवा."

"माझं काय? मी सोसतो."

"अहो, चांद्याला तोंड नाही म्हणून तुम्ही रोज हात लावून बघता. तुम्हाला देवाने तोंड दिलंय, तरी तुम्ही गप्प. मग या घरात मुकं जनावर कोण?"

भिवसनने हळदीचे हात पुसले. तो गोठ्यातच बसला. सगुणेने पट्टे सोडले. फडक्याची चुणी मांसात रुतली होती आणि भोवतालची कातडी सोलून निघाली होती. भिवसनला रडू फुटलं. "थकलो गं मी," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो खरं बोलला होता.

सगुणेने त्या जखमेला लोणी लावलं नाही की हळद लावली नाही. तिने वैद्याला बोलावलं. वैद्य पाय बघून म्हणाला, "पाय वाचला, पण थोडक्यात. जखम भरेपर्यंत आधार नाही आणि पाय जमिनीला टेकायचा नाही. पहिल्या लालीलाच आला असतास तर दोन दिवसांत निभावलं असतं."

दुसऱ्या दिवशी पोळ्याला चांद्या-मोऱ्या शेजाऱ्याच्या हाताने मिरवले. भिवसन ओट्यावर पाय लांब करून बघत राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातात कासरा नव्हता. गाडी पार दिवाळीपर्यंत उभी राहिली. तेवढे महिने दोघांनी कोरडी भाकरी खाल्ली, पण बैल दावणीवरून हलू दिले नाहीत.

पुढे गाडी सुरू झाली. भिवसन अजूनही दमूनच घरी येतो. बैलांच्या माना बघून झाल्या की त्याला झोप अनावर होते. मग सगुणा ओसरीवरून हाक मारते, "अहो, तिसऱ्या बैलाचं जू उतरवायचं राहिलं!"

भिवसन कुरकुरतो, पण बसतो आणि पट्टे सोडतो.

तात्पर्य: दुखणं लपवून सोसण्यात मर्दुमकी नाही, मुक्या जनावराला जेवढं जपतो, तेवढं तरी माणसाने आपल्या देहाला जपावं, आणि खुपतंय ते वेळीच बोलावं.