फरशीवरची कुस्ती

"मग काढून टाकू नको तर काय पूजा घालू त्यांची, वस्ताद?"

रणधीर चौगुले तालमीच्या दारातूनच ओरडला. बूट काढायचंही त्याला सुचलं नाही. एके काळी याच तालमीत त्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. आता त्याचा पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता, आणि जगातला प्रत्येक माणूस त्याला आपलाच कामगार वाटायचा.

म्हातारे हिंदुराव वस्ताद चौथऱ्यावर बसले होते.

"बूट," एवढंच म्हणाले.

त्याने बूट काढले.

"तुझ्या कारखान्यातला बाबालाल आलता माझ्याकडं. त्याला आनि जुन्या गड्यास्नी सोमवारपास्नं येऊ नगा म्हनलास म्हनं."

"कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणलंय, वस्ताद. पुण्याहून सर आणले शिकवायला. भिंतीवर चित्रं दाखवली, चहा-वडे दिले. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. आणि मशीनसमोर उभं केलं की हात खिशात! यांना शिकायचंच नाही."

"हात का लावत न्हाईत?"

"त्यांनाच विचारा."

"इचारलं. आता तुला इचारतोय."



"लाखांचं मशीन आहे. चुकीचा आकडा दाबला की आतलं हत्यार तुटतं. म्हणून वर पाटी लावलीय... ज्याच्या हातून मोडेल त्याच्या पगारातून कापणार. शिस्त नको?"

"मशीनला हार घातलास?"

"घातला की. नारळ फोडला."

"मशीनला हार, आनि मानसास्नी पाटी..."

वस्ताद उठले. गुडघे कुरकुरत होते, पण चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी चौगुल्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत अंगणातल्या दगडी फरशीवर आणलं. तिथे धुळाप्पा नावाचा त्यांचा तगडा पठ्ठ्या जोर मारत होता. त्याला त्यांनी समोर उभा केला.

"लाग कुस्तीला."

"इथं?"

"लाग म्हनतो ना!"

धुळाप्पाने शड्डू ठोकला. चौगुले मागे सरला.

"मातीत चला, वस्ताद. मातीत याला आत्ता चितपट करतो."

"हितं का न्हाई?"

"पडलो तर डोकं फुटेल!"

"म्हंजी तुला कुस्ती येत न्हाई."

चौगुल्याला संताप आवरेना. "मला? मला येत नाही? तुम्हीच शिकवलीत ना!"

"लागत न्हाईस म्हंजी येत न्हाई. धुळाप्पा, भिंतीवरचा ह्याचा फोटू काढ. आनि तू... उद्यापास्नं तालमीत पाय टाकायचा न्हाई."

धुळाप्पा खरंच आत गेला. खिळ्यावरून तसबीर निघाल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. कारखान्यात कुणाची नोकरी जाताना चौगुल्याने असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"हा अन्याय आहे, वस्ताद!" चौगुले म्हणाला. "फरशीवर कोण कुस्ती शिकतं?"

"मग त्या पाटीखाली मशीन कोन शिकंल?"

...

चौगुले खाली बघत म्हणाला, "सोमवारी... काय करू?"

वस्तादांनी कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि त्याच्या पायाशी आदळली.

"आधी माती खण."