चिमटी उंदरी आणि फटफटीचा डबा

एवढीशी एक उंदरी होती. चिमटीत मावेल एवढी. म्हणून तिचं नाव चिमटी. चिमटीला एकच पिल्लू होतं. गुलाबी गुलाबी. त्याचे डोळेसुद्धा अजून उघडले नव्हते.

चिमटी राहायची वेणूआत्याच्या अंगणात. वेणूआत्याकडे होती एक फटफटी. दगडांतून जाणारी, चिखलातून जाणारी, डोंगर चढणारी. डोंगरावरून आली, की फटफटी धुळीनं माखलेली असायची. मग आत्या ती घरीच खोलायची, घरीच पुसायची, घरीच जोडायची.

एकदा काय झालं, आत्यानं सीटखालचा डबा उघडला. फटफटी या डब्यातून श्वास घेते. डब्यात होता स्पंज. काळाकुट्ट. आत्या म्हणाली, "किती धूळ खाल्लीस गं बाई." आणि ती स्पंज धुवायला गेली.

डबा उघडाच राहिला. आत अंधार. आत ऊब. चिमटीनं पिल्लू आत ठेवलं. म्हणाली, "झोप हं. मी दाणा घेऊन येते."

तुरुतुरु गेली. तुरुतुरु आली. बघते तर डब्याला झाकण. झाकणाला स्क्रू. आणि पिल्लू आत.

आत्याला फटफटी धुवायची होती ना. डब्यात पाणी जाऊ नये, म्हणून तिनं झाकण लावून टाकलं. आत कोण आहे, ते तिला कुठे ठाऊक.

आतून आवाज आला, "चूं चूं चूं." पिल्लाला भूक लागली होती.

चिमटी म्हणाली, "झाकणा झाकणा, उघड ना. पिल्लू मिळेना."

झाकण म्हणालं, "मी नाही उघडत जा. स्क्रू फिरला तर उघडेन."

चिमटी स्क्रूकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"स्क्रूदादा स्क्रूदादा, फीर ना. झाकण उघडेना, पिल्लू मिळेना."

स्क्रू म्हणाला, "मी नाही फिरत जा. आत्या आली तर फिरेन."

चिमटी आत्याकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. फटफटी धुऊन झाली होती. आत्या पाटावर बसून साखळी घासत होती. खस खस, खस खस. हात कोपरापर्यंत काळे.

"आत्याबाई आत्याबाई, या ना. स्क्रू फिरेना, झाकण उघडेना, पिल्लू मिळेना."

पण आत्याला नुसतंच चूं चूं ऐकू आलं. उंदरीचं बोलणं तिला कळेना. तेवढ्यात घरातून आत्याच्या आईनं विचारलं, "वेणू, डब्याचं काम झालं का गं?"

आत्या म्हणाली, "मी नाही येत एवढ्यात डब्याकडे. स्पंज वाळला तर येईन."

चिमटी स्पंजाकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. स्पंज कुंपणावर लटकत होता. टप टप, टप टप.

"स्पंजा स्पंजा, वाळ ना. आत्या येईना, स्क्रू फिरेना, झाकण उघडेना, पिल्लू मिळेना."

स्पंज म्हणाला, "मी नाही वाळत जा. ऊन पडलं तर वाळेन."

जाता जाता चिमटी डब्यापाशी थांबली. आतून आवाज आला, "चूं चूं." आवाज बारीक झाला होता.

चिमटी उन्हाकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"उन्हा उन्हा, पड ना. स्पंज वाळेना, आत्या येईना, स्क्रू फिरेना, झाकण उघडेना, पिल्लू मिळेना."

ऊन म्हणालं, "मी नाही पडत जा. माझ्या आणि कुंपणाच्या मध्ये म्हैस उभी आहे. म्हैस हलली तर पडेन."

चिमटी म्हशीकडे गेली. म्हैस केवढी मोठी. चिमटी तिच्या खुराएवढीसुद्धा नाही.

"म्हशीबाई म्हशीबाई, हला ना. ऊन पडेना, स्पंज वाळेना, आत्या येईना, स्क्रू फिरेना, झाकण उघडेना, पिल्लू मिळेना."

म्हैस म्हणाली, "मी नाही हलत जा. माझं रेडकू हंबरलं तर हलेन."

चिमटी गोठ्यात गेली. तुरु... तुरु... पाय दुखायला लागले होते.

"रेडका रेडका, हंबर ना. म्हैस हलेना, ऊन पडेना, स्पंज वाळेना, आत्या येईना, स्क्रू फिरेना, झाकण उघडेना, पिल्लू मिळेना."

रेडकू झोपेतच म्हणालं, "मी नाही हंबरत जा. माशी चावली तर हंबरेन."

चिमटी माशीकडे गेली.

"माशीताई माशीताई, चाव ना. रेडकू हंबरेना, म्हैस हलेना, ऊन पडेना, स्पंज वाळेना, आत्या येईना, स्क्रू फिरेना, झाकण उघडेना, पिल्लू मिळेना."

माशी म्हणाली, "मी नाही चावत जा. चवीचं काही प्यायला दिलंस तर चावेन."

चिमटीकडे काय होतं? एक दाणा. तो कोरडा. अंगणात होतं पाणी. त्याला चव नाही.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं.

चिमटी परत डब्यापाशी आली. झाकणाला कान लावला. आतून आवाज आला नाही. पुन्हा कान लावला. आवाज आला नाही.

चिमटी तिथंच बसली. हळूच म्हणाली, "बाळा, माशी चावेना, रेडकू हंबरेना, म्हैस हलेना, ऊन पडेना, स्पंज वाळेना, आत्या येईना, स्क्रू फिरेना, झाकण उघडेना. मी काय करू?"

आणि ती रडायला लागली. मुसमुस, मुसमुस.

गुंईऽ करत माशी आली. चिमटीच्या नाकावर बसली. नाकावर होता एक थेंब. माशीनं तो पिऊन पाहिला.

"खारट आहे," माशी म्हणाली. "पण चव आहे."

आणि उडाली. गुंईऽ.

माशी चावली रेडकाला. रेडकू हंबरलं, "हम्मांऽ." म्हैस हलली. धप धप, धप धप. रेडकाकडे धावली. कुंपणावर ऊन पडलं. स्पंज वाळायला लागला. हळू. फार हळू. चिमटी झाकणाला चिकटून बसली.

स्पंज वाळला. आत्या आली. धूळ अडावी म्हणून तिनं स्पंजाला तेल लावलं. स्क्रू फिरला, कुर्र कुर्र. झाकण उघडलं.

"आई, इकडे ये गं," आत्या हळूच म्हणाली. "डब्यात बघ."

डब्यात पिल्लू होतं. हलत नव्हतं. चिमटी आत्याला घाबरली नाही. ती आत्याच्या काळ्या हातावरून आत उतरली. पिल्लाला चाटलं. अंगाखाली घेतलं. पुन्हा चाटलं.

पिल्लाचा एक पाय हलला. मग नाक हललं. मग ते दूध शोधायला लागलं.

आई म्हणाली, "वेणू, राहू दे आज फटफटी."

"राहू दे," आत्या म्हणाली. तिनं हातातला स्पंज बाजूला ठेवला.

पिल्लू पोटभर प्यायलं. पिता पिता झोपलं. चिमटी मात्र झोपली नाही. पिल्लाचं पोट वर जाई, खाली येई. वर जाई, खाली येई. चिमटी बघत राहिली.