रिकाम्या समुद्रावरच्या तोफा

फार जुनी गोष्ट आहे. वारा असेल तर पुढे जायचं आणि वारा पडला की थांबायचं, असा समुद्रावरचा तो काळ. तेव्हा पश्चिमेच्या किनाऱ्यावर एक लहानसं राज्य होतं. खाडीच्या तोंडाशी राजाचं बंदर होतं, आणि दक्षिणेला चार दिवसांच्या वाटेवर, भर समुद्रातल्या एका बेटावर, त्याचा किल्ला होता.

बेटावर गोड्या पाण्याची विहीर होती, पण पिकणारी जमीन नव्हती. म्हणून दरवर्षी वैशाखात, पावसाळ्याने समुद्र बंद होण्याआधी, बंदरातून पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, भरभरून तांदूळ बेटावर जात असे. तो पोचला की किल्ल्यातली तीनशे माणसं पावसाचे चार महिने निभावत.

त्या वर्षी दक्षिणेच्या समुद्रात चाचे उतरले. त्यांच्या गलबतांची शिडं गेरूच्या रंगाची होती. मासे मारायला गेलेल्या होड्या परत येईनात, तेव्हा राजाने आपली एक गुराब, म्हणजे तोफांचं लढाऊ जहाज, टेहळणीला काढली. तिच्यावर ऐंशी माणसं होती. सरदार होता सुभानजी. वय तिशीच्या आतलं, आणि गुराब पहिल्यांदाच त्याच्या हुकमाखाली. सुकाणूवर होता पोशा तांडेल. त्याचे केस समुद्रावरच पांढरे झाले होते. सुभानजी लहान असताना त्याला खाडीत पोहायला शिकवलं ते पोशानेच. तेव्हापासून सुभानजी त्याला काका म्हणायचा.

निघताना राजा म्हणाला, “चाचे कुठे आहेत, किती आहेत, तेवढं पाहून या. लढण्याची सक्ती नाही.”

पण धक्क्यावर सारं गाव जमलं होतं. गावासमोर सुभानजी बोलून गेला, “नुसतं पाहून येणार नाही, महाराज. त्यांना बुडवून येईन.”

पाचव्या दिवशी उजाडता उजाडता त्यांना चाचे दिसले. एका उपसागराच्या तोंडाशी तीन मोठी गलबतं नांगर टाकून उभी होती. शिडं गुंडाळलेली होती. माणसं अजून झोपेतून उठायची होती. प्रत्येक गलबताच्या कुशीला सात सात तोफा होत्या. सुभानजीने त्या मोजल्या आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“काका, फिरवा,” तो म्हणाला.

पोशाने सुकाणू फिरवलं. जमिनीवरून मतलई वारा वाहत होता, त्यावर गुराब गुपचूप उत्तरेला निघाली. चाच्यांना ती दिसलीही नाही.

ती तीन गलबतं क्षितिजाआड गेल्यावर पोशा म्हणाला, “बरं केलंस. तिघांवर एकट्याने जाणं हे शौर्य नव्हे. राजाने पाहून यायला सांगितलं होतं, आपण पाहिलं. चल, जाऊन सांगू.”

दुपारपर्यंत सुभानजी नुसता डोलकाठीला टेकून उभा होता. मग त्याने गोलंदाजांना बोलावलं आणि तोफा ठासायला सांगितल्या.

“कशावर मारायच्या?” गोलंदाजाने विचारलं. चहूकडे पाण्याशिवाय काही नव्हतं.

“पाण्यावर,” सुभानजी म्हणाला.

दारूचं कोठार निम्मं रिकामं होईपर्यंत तोफा चालल्या. मेलेले मासे पांढरी पोटं वर करून लाटांवर तरंगू लागले. मग सुभानजीने स्वतःच्या हाताने मोठं शीड दोन ठिकाणी फाडलं आणि फाटलेल्या कडांना निखारा लावला.

ऐंशी माणसांनी हे पाहिलं. कुणी हसलं, कुणी मान फिरवली. सगळ्यांनाच जिवंत घरी जायचं होतं, आणि मानाने जायला मिळत असेल तर नको कोण म्हणणार?

सुभानजी सुकाणूपाशी आला. त्याचे हात दारूने काळे झाले होते.

“काका, मी तुम्हाला खोटं बोलायला सांगणार नाही. तुम्ही फक्त काही बोलू नका.”

पोशाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खाडीत बुडताना आपल्या गळ्याला मिठी मारणारा तो पोरगा त्याला आठवला. तो म्हणाला, “मी खोटं बोलणार नाही.”

“मग झालं,” सुभानजी म्हणाला.

बंदरात गुराब शिरली तेव्हा तिचं फाटकं शीड सगळ्यांनी लांबूनच पाहिलं. ढोल वाजले. बायकांनी ओवाळलं. सुभानजीने राजाला सांगितलं की तीन गलबतं होती आणि तिन्ही बुडवली. राजाने भर दरबारात त्याच्या हातात सोन्याचं कडं घातलं.

मग राजा पोशाकडे वळला. “तांडेल, तुम्ही जुनी माणसं. तुम्हीही पाहिलंत ना हे सगळं?”

पोशाच्या जिभेवर शब्द आले होते. त्याने सुभानजीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि मान खाली घालून हात जोडले.

“पाहा,” राजा कौतुकाने म्हणाला, “किती नम्र माणूस आहे.”

त्या संध्याकाळी पोशा जेवला नाही. बायकोने विचारलं तर म्हणाला, “मी खोटं बोललो नाही.” तिला त्याचा अर्थ कळला नाही.

समुद्र निर्धोक झाला असं राजाला वाटलं. त्याने टेहळणीच्या होड्या परत बोलावल्या. आरमाराची सगळी जहाजं किनाऱ्यावर ओढून घेतली आणि तळाच्या कुजक्या फळ्या बदलायचं काम सुतारांना दिलं. दरवर्षी हे काम पडाव बेटावरून परतल्यावर निघायचं. या वर्षी राजा म्हणाला, “आता भीती कुणाची आहे?”

तांदळाचे नऊ पडाव भरले गेले. त्यांच्या सोबतीला एकही लढाऊ जहाज नव्हतं. उलट वाट सुरक्षित म्हणून किल्ल्यातल्या शिपायांच्या बायकामुलांनाही यंदा बेटावर जायची परवानगी मिळाली.

हे कळलं तेव्हा पोशा सुभानजीच्या घरी गेला.

“राजाला सांग.”

“काय सांगू?” सुभानजी म्हणाला. “चाचे काय एका जागी बसून राहतात? एव्हाना ते दुसरीकडे गेले असतील. आणि आता सांगितलं तर माझ्या एकट्यावर बेतणार नाही, काका. ऐंशी घरं उघड्यावर पडतील.”

“पडावांवर लेकरं आहेत.”

सुभानजी हातातलं कडं फिरवत राहिला. “ते गेले असतील,” तो पुन्हा म्हणाला, पण आवाज अगदी बारीक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोशा राजवाड्यावर गेला. पहारेकरी म्हणाला, “महाराज पूजेला बसलेत. थांबा.” पोशा पायरीवर थांबला. पूजा झाली, मग कुणा परराज्याचे वकील आले. ऊन चढलं. पहारेकऱ्याने विचारलं, “काम निकडीचं आहे का? तसं असेल तर आत सांगतो.”

पोशाने तोंड उघडलं आणि म्हणाला, “नाही. येईन पुन्हा.”

तो पायऱ्या उतरला तेव्हा त्याला हलकं वाटलं. आपल्याला हलकं वाटतंय याची त्याला शरमही वाटली. पण तो परत वळला नाही.

पडाव सुटायच्या दिवशी तो धक्क्यावर होता. आवडी नावाची एक तरुण बाई त्याच्याजवळ आली. तिचा नवरा लखमा बेटावर गोलंदाज होता. दोन वर्षं तिने त्याला पाहिलं नव्हतं. कडेवर मूल होतं, ते बापाने अजून पाहिलेलंच नव्हतं.

“तांडेलकाका,” ती म्हणाली, “सासूबाई म्हणतात नको जाऊस, पाण्याचा भरवसा नाही. तुम्ही त्याच वाटेने जाऊन आलात. तुम्ही सांगाल तसं करते. जाऊ का मी?”

पडावाचे दोर सोडायला सुरुवात झाली होती. मूल पोशाच्या पांढऱ्या दाढीकडे टक लावून पाहत होतं. पोशाने समुद्राकडे तोंड केलं.

“वारा चांगला आहे,” तो म्हणाला.

आवडी हसली, वाकून त्याच्या पाया पडली आणि फळीवरून पडावावर चढली.

वारा खरंच चांगला होता.

आठव्या दिवशी एक पडाव भरतीबरोबर खाडीत आला. त्याला हाकणारं कुणी नव्हतं. डोलकाठी मोडलेली, तांदळाचं एकही पोतं नाही. तळाशी साचलेल्या पाण्यात एक म्हातारा खलाशी पडला होता. त्याच्यात धुगधुगी होती. मरण्याआधी तो एवढंच बोलला, “गेरूची शिडं. तीन.”

हे ऐकून पोशा राजवाड्यावर गेला. या वेळी त्याने पहारेकऱ्याला काही विचारलं नाही. तो सरळ आत शिरला आणि राजापुढे सगळं बोलला. नांगरलेली गलबतं, पाण्यावर उडवलेल्या तोफा, फाडलेलं शीड, काहीही झाकलं नाही. सुभानजी तिथेच उभा होता. त्याने नाकारलं नाही. हातातलं कडं काढून त्याने जमिनीवर ठेवलं.

राजा ते कडं ओलांडून पुढे आला. मग पोशाला म्हणाला, “त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं.”

“महाराज, मी खोटं बोललो नव्हतो.”

“नाही,” राजा म्हणाला. “बोलला असतात तर बरं झालं असतं. तुमच्यासारख्या माणसाला खोटं बोलता येत नाही. तुमचा आवाज कापला असता आणि मला कळलं असतं.”

राजाने लगेच आरमार पाण्यात लोटायचा हुकूम दिला. पण आरमार होतं कुठे? जहाजं वाळूवर उभी होती आणि त्यांच्या तळाला माणूस आरपार जाईल एवढी भोकं होती. सुतारांनी हात जोडून सांगितलं, कितीही घाई केली तरी अकरा दिवस लागतील. सारं गाव फळ्या ठोकायला धावलं. सुभानजीही त्यांच्यात होता. त्याची बोटं फुटली तरी तो थांबला नाही. त्याच्याशी मात्र कुणी एक शब्द बोललं नाही.

नवव्या दिवशी आभाळ फाटलं. लाटा धक्क्याच्या वरून येऊ लागल्या. समुद्र बंद झाला.

त्यानंतरचे चार महिने त्या बंदरात कुणी बेटाचं नाव काढत नसे. ताटात भात वाढला की माणसं एकमेकांकडे पाहायची नाहीत.

आश्विनात समुद्र शांत झाला आणि पहिली जहाजं बेटावर गेली. किल्ल्याचा दरवाजा उघडायला आतून कुणी आलं नाही. तो फोडावा लागला. तीनशेपैकी एकसष्ट माणसं जिवंत सापडली. त्यांना उचलून जहाजांवर आणलं.

राजाने ठरवलं होतं की सुभानजीचा न्याय बेटावरच्या माणसांनीच करायचा. एकसष्ट माणसं दरबारात भिंतीला टेकून बसली. सुभानजी त्यांच्यापुढे उभा राहिला. राजाने त्यांना सर्व हकिगत सांगितली आणि विचारलं, “याला काय शिक्षा करू?”

त्यांच्यातला एक जण म्हणाला, “याला मारून आमच्यातलं कोण परत येणार आहे? याला आमच्यासमोरून न्या.” तेवढं बोलूनही त्याला धाप लागली.

सुभानजीला सोडून दिलं. तो राज्याच्या वेशीबाहेर चालत गेला. पुढे त्याचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

पोशाला शिक्षाच झाली नाही. राजा म्हणाला, गप्प बसण्याबद्दल माझ्या कायद्यात शिक्षा लिहिलेली नाही.

त्या एकसष्टांत आवडीचा नवरा लखमा होता. काठी टेकत तो पोशाच्या दारी आला. पोशा जाळ्याचा दोर वळत अंगणात बसला होता. तो उठून उभा राहिला.

“तुमच्याशी ती शेवटचं बोलली म्हणतात,” लखमा म्हणाला. “काय बोलली?”

“जाऊ का, असं विचारलं तिने.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

पोशाच्या हातातला दोर गळून पडला. “वारा चांगला आहे म्हणालो.”

लखमा वाट पाहत राहिला. पुढे आणखी काही असेल असं त्याला वाटलं असावं. काही नव्हतं. मग त्याने विचारलं, “मूल कुणासारखं दिसायचं?”

पोशाने आठवून पाहिलं. त्या दिवशी मूल त्याच्याकडे टक लावून पाहत होतं आणि त्याने नजर चुकवून समुद्राकडे तोंड फिरवलं होतं. “मी नीट पाहिलं नाही,” तो म्हणाला.

लखमा वळला आणि काठी टेकत निघून गेला. त्याने शिवी दिली असती, हात उगारला असता, तर पोशाला ते बरं वाटलं असतं.

पोशा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. तो कधी समुद्रावर गेला नाही. ज्या घरांतलं कुणी पडावांवर किंवा बेटावर दगावलं, अशा प्रत्येक घरी तो एकदा गेला आणि घडलं ते जसंच्या तसं सांगून आला. काहींनी दार लावलं, काहींनी ऐकून घेतलं. कुणी माफ केलं नाही, आणि त्यानेही माफी मागितली नाही, कारण आता खरं बोलून कुणाचा जीव वाचणार नव्हता.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात धरा: जिथे खरं सांगितल्याने जीव वाचतो, तिथे गप्प बसणारा माणूस खोटं बोलणाऱ्याइतकाच दोषी असतो.