दोन नट आणायला गेलेला गोरक्ष

"तिच्यात असं काय आहे, तात्या, जे माझ्यात नाही?"

तात्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सांगा ना! अकरा वर्षं झाली मला इथे. नऊ गावांत नऊ हातपंप उभे केले. तिला येऊन चार वर्षं, आणि पंप किती? एक! आणि रविवारी संस्थेची किल्ली तिच्या हातात?"

तात्यांची संस्था म्हणजे तरी केवढी! टांझानियाच्या मधल्या कोरड्या मुलखात पत्र्याची एक खोली, दोन मोटारसायकली आणि दहा गावं. तात्या मिरजेचे. तिथल्या शाळेत सुतारकाम शिकवायचे, निवृत्त झाले आणि इकडे आले ते राहिलेच. आता गुडघे बोलायला लागले म्हणून परत निघाले होते.

गोरक्ष अकोल्याकडचा. कामाला वाघ, पण स्वभावाने भलताच तापट. तात्यांच्यामागे संस्था आपलीच, हे त्याने मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. आणि तात्यांनी नाव घेतलं रेहेमाचं. इथलीच, शेजारच्या तालुक्यातली पोर. काल ते ऐकल्यापासून त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. रेहेमा सकाळी हसून "कसा आहेस, भाऊ?" म्हणाली, तर ते हसूही त्याला टोचलं.

"पंप बंद पडला की गावं कोणाला बोलावतात?" त्याने कमरेचा पाना काढून तात्यांसमोर धरला. "मला! ताप असतानासुद्धा गेलोय मी. हा पाना आजवर दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नाही."

तात्यांनी पान्याकडे पाहिलं.

"एक काम कर," ते म्हणाले. "तुझ्या कितोपे गावाला जा. पंपाच्या दांड्याचा नट काढून आण. मग रेहेमाच्या म्बुयुनीला जा. तिथलाही आण."

"नट काढला तर पंप चालायचा कसा?"

"नाही चालणार."

"लोकांना सांगू काय?"

"काही सांगायचं नाही."

गोरक्षाने मोटारसायकलला लाथ घातली आणि निघाला.

कितोपेत पंपावर सात-आठ बायका होत्या. त्याला पाहताच त्या बाजूला झाल्या. एकीने बसायला स्टूल आणून ठेवलं, दुसरीने दांडा धरून ठेवला. गोरक्षाने पाना लावला, नट काढला, खिशात टाकला. दांडा लटकला.

का काढला, हे कोणी विचारलं नाही.

"साहेब, उद्या याल ना?" एकीने विचारलं.

"नाही आलो तर?"

ती थोडी गोंधळली. "मग... डबक्यावर जाऊ. पूर्वी जायचो तसं."

बायकांनी रिकामे डबे डोक्यावर घेतले. गोरक्षाची छाती मात्र फुगली. बघा म्हणावं, काय विश्वास आहे माझ्यावर! रेहेमाला असा मान सात जन्मांत मिळायचा नाही. म्बुयुनीपर्यंतचा सगळा खडखडाटी रस्ता त्याला गोड लागला.

म्बुयुनीत पंपावर एकच म्हातारी होती. बीबी म्वाजुमा. बीबी म्हणजे आजी. कोणाची आजी ते विचारायचं नाही, सगळ्या गावाचीच.

गोरक्षाने रामराम-शामराम काही न करता पाना लावला. अर्धा फेरा फिरवला असेल नसेल, तोच म्हातारीने त्याचं मनगट पकडलं. आणि अशी काही आरोळी ठोकली, की ज्वारीच्या शेतातून, चुलीपासून, चर्चच्या अंगणातून बायका धावत आल्या. कोणाच्या हातात खुरपं, कोणाच्या हातात उलथनं.

"काय चाललंय?"

"नट काढतोय."

"कोणी सांगितलं?"

"तात्यांनी."

"तात्यांना म्हणावं, इथे या, बसा, विचारा. मग आम्ही ठरवू."

त्याला आंब्याच्या झाडाखाली बसवलं. पाना काढून घेतला. तेव्हा त्याला दिसलं, म्हातारीच्या कमरेच्या कापडात दुसरा एक पाना खोचलेला होता. वापरून वापरून गुळगुळीत झालेला.

"हा कोणाचा?"

"या महिन्यात माझ्याकडे. पुढच्या महिन्यात हिच्याकडे."

गोरक्षाला राहवेना. मनात कालपासून जे जळत होतं, ते शेवटी तोंडावाटे बाहेर पडलंच.

"आणि रेहेमा आली असती तर? तिला काढू दिला असता ना? खरं सांगा!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक फिस्सकन हसली आणि मग सगळ्याच हसत सुटल्या.

"रेहेमा? तिला इथेच बसवली होती की आम्ही, याच झाडाखाली! न विचारता दांडा उघडायला निघाली होती गेल्या साली. जेवायची वेळ होईपर्यंत सोडली नाही."

"चिडली नाही ती?"

"चिडते कसली! आमच्या शेंगा सोलत बसली."

गोरक्षाला कितोपेचं ते स्टूल आठवलं. डबक्याची वाट धरलेल्या त्या बायका आठवल्या. नऊ गावं, नऊ पंप... यांतल्या एका तरी गावात, कधी कोणी आपलं मनगट धरलं होतं? त्याने आठवून पाहिलं. पुन्हा आठवून पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला.

ऊन कलायला लागलं तेव्हा बीबीने त्याला उकडलेलं रताळं दिलं, त्याचा पाना परत केला आणि जायला सांगितलं.

तात्या अजून शेंगाच सोलत होते. गोरक्षाने नट त्यांच्यासमोर ठेवला.

"एकच?"

"म्बुयुनीच्या बायका देत नाहीत."

"आणि कितोपेच्या?"

"त्यांचाच हा."

"भांडल्या असतील तुझ्याशी?"

"नाही," गोरक्ष म्हणाला. "बसायला स्टूल दिलं."

तात्यांनी नट बोटांत फिरवला. बाहेर रेहेमा कोणाशी तरी मोठ्याने हसत होती. गोरक्षाने कान दिला. ते हसू अजूनही टोचलंच, उगाच खोटं कशाला बोला. पण सकाळच्यासारखा राग काही आला नाही. आली ती लाज, आणि तिला कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"किल्ली तिलाच द्या, तात्या," तो कसाबसा म्हणाला.



मग त्याला एकदम कितोपे आठवलं. तो ताडकन उठला. "बायका डबक्यावर खेपा घालत असतील तिकडे. अंधार पडायच्या आत नट बसवून येतो."

तात्यांनी नट त्याच्या तळहातावर ठेवला.

"तू बसवू नकोस. त्यांच्या हातात दे..." ते म्हणाले. "आणि येताना पाना आणू नकोस."